बनावट लष्करी पदके

बनावट लष्करी पदके म्हणजे शौर्य, युद्धसेवा किंवा दीर्घ सेवेबद्दल शासनाने दिलेल्या पदकांची फसवणुकीच्या हेतूने केलेली नक्कल, तसेच मूळ पदकावरील नाव, पट्टी किंवा क्रमांक बदलून केलेला फेरफार होय. संपूर्ण खोटे पदक तयार करण्यापेक्षा खऱ्या पदकाला खोटी ओळख चिकटवणे सोपे असते व ते ओळखणे अधिक कठीण असते. त्यामुळे पदकसंग्राहकांच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक घातक मानला जातो. संकेतस्थळांवरून होणाऱ्या लिलावांमुळे वस्तू हातात न घेता केवळ छायाचित्रावरून खरेदी होऊ लागली आणि दोन्ही प्रकारांना मोठी बाजारपेठ मिळाली.

प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटिश व ब्रिटिश-भारतीय पदकांचा विचार केला आहे. या पदकांपैकी बहुतेकांच्या कडेवर सैनिकाचे नाव असते, त्यामुळे त्यांच्या खरेखोटेपणाचा प्रश्न धातूइतकाच दस्तऐवजांशीही जोडलेला आहे. महाराष्ट्रातील अनेक लष्करी परंपरेच्या कुटुंबांत अशी पदके आजही सापडतात.

संज्ञा व प्रकार

अधिकृत नसलेले प्रत्येक पदक बनावट नसते. सेवेत असलेल्या किंवा निवृत्त सैनिकाने मूळ पदक सुरक्षित ठेवून समारंभात घालण्यासाठी करून घेतलेली प्रत ही वैध व जुनी प्रथा आहे. सायंकालीन पोशाखावर लावायची, मूळ पदकाच्या सुमारे निम्म्या आकाराची लघुपदके सैनिक बहुधा स्वखर्चाने विकत घेत, म्हणून त्यांवर सहसा नाव नसते. वस्तुसंग्रहालये मूळ पदक तिजोरीत ठेवून प्रदर्शनात प्रत मांडतात. या सर्व प्रती आपापल्या जागी निर्दोष आहेत. त्या मूळ म्हणून विकल्या गेल्या तरच फसवणूक होते.

याहून वेगळा वर्ग खासगी स्मृतिपदकांचा आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सक्तीची राष्ट्रीय सेवा बजावलेल्या तरुणांना त्या सेवेबद्दल कोणतेही अधिकृत पदक मिळाले नव्हते. पुढे खासगी उत्पादकांनी त्यांच्यासाठी स्मृतिपदक काढले व ते हजारोंनी विकत घेतले गेले. असे पदक कोणाचीही नक्कल करत नाही, कारण त्याला मूळच नाही. मात्र राजमुकुट, फीत आणि घडण अधिकृत पदकासारखी असल्याने एका पिढीनंतर वारसांचा व खरेदीदारांचा सहज गैरसमज होतो.

मूळ ठशांवरून नंतरच्या काळात पाडलेली पदके हा सर्वांत वादग्रस्त वर्ग आहे. ठसा खरा, धातू योग्य, कधीकधी कारखानाही तोच; पण पदक कोणालाही प्रदान झालेले नाही आणि ते पाडण्याचा अधिकारही त्या वेळी कोणाला नव्हता. जाणकार त्यांना मूळ पदकांच्या पंक्तीत बसवत नाहीत.

पार्श्वभूमी

१८१५ चे वॉटर्लू पदक हे लढाईत भाग घेतलेल्या सर्व दर्जांच्या सैनिकांना ब्रिटिश शासनाने दिलेले पहिले पदक असून त्याच्या कडेवर प्रत्येकाचे नाव यंत्राने ठोकून उमटवले होते. पुढील काळात ही पद्धत रूढ झाली. तिचा परिणाम असा झाला की एकाच ठशाच्या लक्षावधी पदकांपैकी प्रत्येक पदक एकमेव ठरले. त्याची किंमत धातूवरून नव्हे, तर कडेवरील नाव, पलटण आणि त्या पलटणीने पाहिलेली लढाई यांवरून ठरू लागली.

पहिल्या महायुद्धाबद्दलचे ब्रिटिश वॉर मेडल हे याचे ठळक उदाहरण आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेले हे चांदीचे ३६ मिलिमीटर व्यासाचे पदक साठ लाखांहून अधिक संख्येने वाटले गेले. एकट्या चांदीच्या भावाने पाहिले तर ते सामान्य पदक आहे. १९७९-८० मध्ये चांदीचे भाव कडाडले तेव्हा ही पदके मोठ्या प्रमाणावर वितळवली गेली. परंतु कडेवर एखाद्या गाजलेल्या वेढ्यातील पलटणीचे नाव असेल तर त्याच पदकाचे मोल अनेक पटींनी वाढते. साधे पदक आणि दुर्मीळ पदक यांत फरक फक्त काही अक्षरांचा असतो, आणि बनावटीचा सारा व्यवसाय त्या काही अक्षरांवर चालतो.

कडेवरील नाव

कडेवरील नोंदीत साधारणपणे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण असते. ती मुख्यतः दोन प्रकारे केलेली आढळते. पहिल्या प्रकारात पोलादी अक्षरठसे ठोकून नाव उमटवले जाते. यात धातू बाजूला सारला जातो, त्यामुळे भिंगाखाली अक्षराच्या काठाशी किंचित उंचवटा दिसतो. दुसऱ्या प्रकारात छिन्नीने धातू काढून अक्षर कोरले जाते व खोबणीच्या तळाशी हत्याराची तिरपी रेघ राहते. अलीकडच्या यांत्रिक किंवा लेझर कोरणीची खोली सर्वत्र सारखी असते आणि तिच्या तळाशी एकसुरी बारीक रेषा किंवा काळपट झाक दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात दिलेल्या पदकावर अशी कोरणी असणे शक्य नाही.

कोणत्या पदकावर कोणती पद्धत योग्य, हे मात्र पदकागणिक ठरते. १८९५ च्या इंडिया मेडलवर वळणदार लेखी अक्षरांत कोरलेले नाव हीच नेहमीची गोष्ट आहे, तर ब्रिटिश वॉर मेडलवर ठोकलेली उभी रोमन अक्षरे अपेक्षित असतात. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर दोन्ही पद्धती दिसतात. लंडनच्या रॉयल मिंटमध्ये व कोलकात्याच्या टांकसाळीत पाडलेल्या या पदकांच्या कडीला धरून ठेवणाऱ्या पकडीची घडणही वेगळी असते. हे ठाऊक नसल्यामुळे कोलकात्याचे अस्सल पदक ‘वेगळे दिसते’ म्हणून नाकारले गेल्याचे प्रकार घडतात. एका पदकाचा नियम दुसऱ्याला लावणे ही नवशिक्या संग्राहकाची सर्वांत सामान्य चूक होय.

नाव बदलण्यासाठी मूळ अक्षरे कानशीने घासून काढावी लागतात. त्यामुळे कडेची जाडी व पदकाचा व्यास मिलिमीटरच्या काही दशांशांनी कमी होतो. व्हर्नियर कॅलिपरने कडीजवळ, तिच्या विरुद्ध बाजूला आणि आडव्या दिशेने अशी तीन-चार मापे घेतली असता हा फरक पकडता येतो. घासलेल्या कडेचे कोपरे गोलसर होतात, मूळची टांकसाळी धार नाहीशी होते आणि प्रकाश तिरपा टाकल्यास पृष्ठभागावर उतरण दिसते. काही वेळा जुन्या अक्षरांचे अवशेष नव्या अक्षरांच्या मागे भुतासारखे उरतात.

असे असले तरी घासलेली प्रत्येक कड फसवणुकीची निदर्शक नसते. टांकसाळीत किंवा पलटणीत चुकीचे पडलेले एखादे अक्षर वा आकडा अधिकृतपणे दुरुस्त केला जात असे. दुरुस्ती एका-दोन अक्षरांपुरती असून अक्षरांची धाटणी तीच राहिली असेल, तर जाणकार ती स्वीकारतात. पदक हरवल्यावर सैनिकाने स्वतः दुसऱ्याचे पदक विकत घेऊन त्यावर आपले नाव घालून घेतल्याची उदाहरणेही आहेत. अशा पदकाचे मोल घटते, पण त्यामागे खरेदीदाराला फसवण्याचा हेतू नसतो.

मराठी सैनिकांच्या पदकांबाबत दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे नावांचे इंग्रजी लेखन अत्यंत अनियमित आहे. एकच नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले, आडनाव कधी आले, कधी गळाले. त्यामुळे विचित्र वर्णलेखन हा बनावटीचा पुरावा ठरत नाही. ओळख पटते ती क्रमांक व पलटण यांवरून. दुसरी गोष्ट पलटणींच्या नावांची. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट बनली. १९१४-१८ मधील सेवेबद्दलच्या पदकावर हे १९२२ नंतरचे नाव दिसले, तर शंका घेण्यास भरपूर जागा असते. १९१७ मध्ये उभी राहिलेली व १९२१ मध्ये विसर्जित झालेली १११ वी महार पलटण अल्पायुषी होती. तिच्या नावाची पदके स्वाभाविकच थोडी आहेत, आणि जे थोडे असते तेच बनवण्याचा मोह अधिक असतो.

पट्ट्या

विशिष्ट लढाई किंवा मोहीम दर्शवणारी धातूची आडवी पट्टी पदकाच्या फितीवर, कडीच्या वर बसवलेली असते. एक जादा पट्टी बसवली की पदकाची किंमत वाढते, म्हणून पट्ट्यांची भर घालणे हा जुना उद्योग आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट संबंध असलेले उदाहरण म्हणजे आर्मी ऑफ इंडिया मेडल. १७९९ ते १८२६ या काळातील लढायांसाठीचे हे पदक प्रत्यक्षात १८५१ मध्ये मंजूर झाले, आणि तेही त्या वेळी हयात असलेल्यांनाच. त्याच्या एकवीस पट्ट्यांमध्ये असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर व कोरेगाव यांचा समावेश आहे. लढाई आणि पदक यांत तीस-चाळीस वर्षांचे अंतर पडल्याने, विशेषतः भारतीय शिपायांपैकी, फार थोड्यांपर्यंत ते पोहोचले. काही पट्ट्यांची मूळ संख्या शंभराच्याही आत आहे. साहजिकच या पदकाची नक्कल व त्यावरील पट्ट्यांची भेसळ दोन्ही आढळतात. येथे दोन खुणा उपयोगी पडतात. पट्ट्यांवरील स्थळनामे कंपनीच्या काळातील वर्णलेखनात आहेत. कोरेगावचे रूप ‘कोरीगॉम’ व खडकीचे ‘कर्की’ असे वाचले जाईल अशा अक्षरांत असते. आधुनिक वर्णलेखनातील पट्टी हमखास खोटी असते. शिवाय बहुतेक ब्रिटिश पदकांवर पहिली लढाई पदकाच्या सर्वांत जवळ असते, पण या पदकावर क्रम उलटा असून शेवटची लढाई पदकाजवळ येते. घाईने तयार केलेल्या नकलेत नेहमीचा क्रम ठेवलेला दिसतो.

१९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलच्या बारा पट्ट्यांपैकी ‘वझिरिस्तान १९२५’ ही पट्टी केवळ शाही हवाई दलाच्या एका छोट्या मोहिमेसाठी होती व ती काहीशे जणांनाच मिळाली. पायदळाच्या शिपायाच्या पदकावर ती दिसणे विसंगत आहे. उलट ‘वायव्य सरहद्द १९३०-३१’ सारख्या पट्ट्या विपुल आहेत. त्या बनवण्यात कोणाला फायदा नसल्याने त्यांच्याबाबत संशयाचे प्रमाणही कमी ठेवावे.

पट्ट्या एकमेकींना जोडणाऱ्या खिळ्यांकडे लिलावगृहांच्या सूचींत आवर्जून लक्ष वेधलेले असते. टांकसाळीचे खिळे लहान, गोल व सारखे असतात. मात्र नंतर मंजूर झालेली पट्टी सुटी येत असे व ती पलटणीतला कारागीर किंवा गावचा सोनार आपल्या पद्धतीने बसवत असे. म्हणून ‘अनधिकृत खिळे’ म्हणजे लगेच ‘खोटी पट्टी’ नव्हे. अशा वेळी निर्णय नामावलीवर सोपवावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलसाठी स्थलसेनेच्या व नौसेनेच्या पट्ट्यांचा विचार झाला होता, पण तो सोडून देण्यात आला. त्यामुळे ‘मेसोपोटेमिया’ किंवा ‘कुत’ अशी पट्टी असलेले ब्रिटिश वॉर मेडल अधिकृत असूच शकत नाही. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळातील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. तेथील सैनिकाचे पदक आणि त्याच पलटणीत नंतर भरती झालेल्या सैनिकाचे पदक बाहेरून अगदी सारखे दिसते. ‘कुतच्या वेढ्यातील’ हे विक्रेत्याचे विधान कागदपत्रांशिवाय निरर्थक ठरते.

धातू व घडण

टांकसाळीत पदक ठशांनी पाडले जाते. स्वस्त नक्कल बहुधा ओतीव असते. ओतीव कामात सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, केसांच्या बटा व अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेषा किंवा ती घासल्याची खूण राहते. साचा मूळ पदकावरूनच घेतलेला असेल तर थंड होताना धातू आकसतो, म्हणून नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही, मोजमापाने कळतो.

चांदीच्या पदकासाठी विशिष्ट गुरुत्वाची कसोटी सोपी व निरुपद्रवी आहे. पदक प्रथम हवेत व नंतर पाण्यात पूर्ण बुडवून तोलावे आणि हवेतील वजनाला वजनातील घटीने भागावे. ९२.५ टक्के शुद्ध चांदीसाठी उत्तर सुमारे १०.३ येते, ताम्र-निकेल मिश्रधातूसाठी ते ९ च्या आत राहते. कडीच्या सांध्यांत हवेचे बुडबुडे अडकल्यास आकडा फसवतो. चुंबकाने फारच थोडे कळते. चांदी, कांस्य व ताम्र-निकेल यांना चुंबक खेचत नाही. ओढले गेले तर आत लोखंड आहे एवढेच सिद्ध होते. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र धातूंचे प्रमाण दाखवते, पण ते पृष्ठभागापुरतेच, त्यामुळे जाड मुलाम्याने त्यालाही चकवता येते.

धातू ‘चुकीचा’ वाटला तरी थांबून विचार करणे आवश्यक असते. ब्रिटिश वॉर मेडल कांस्यातही दिले गेले. सुमारे १ लाख १० हजारांच्या घरातील ही पदके मुख्यतः चिनी, भारतीय व माल्टीज श्रमिक तुकड्यांतील लोकांसाठी होती. सैनिकाला चांदी व खंदक खणणाऱ्या मजुराला कांसे, असा हा भेद होता. १८९५ च्या इंडिया मेडलमध्येही छावणीबरोबर जाणारे पाणके, पालखीवाले, मोतद्दार अशांना कांस्यपदके मिळाली. एकेकाळी दुय्यम लेखलेली ही पदके आज चांदीच्या पदकांपेक्षा विरळ असल्याने त्यांच्या ओतीव नकला निघू लागल्या आहेत. अशा पदकाच्या कडेवर लढाऊ पलटणीच्या शिपायाचे नाव असेल, तर धातू आणि हुद्दा यांचा मेळ बसत नाही.

धातूच्या तपासात एक स्थानिक बाब येते. भारतात अनेक पदके दागिन्यासारखी वापरली गेली. कडी काढून टाका घालणे, गळ्यातल्या सरीत ओवणे, पाठीमागे पिन बसवणे असे प्रकार झाले. टाक्याची खूण ही हानी आहे, बनावट नव्हे.

युद्धात मरण पावलेल्यांच्या वारसांना दिलेल्या सुमारे १२० मिलिमीटर व्यासाच्या कांस्य स्मृतिचकत्या पदकांबरोबरच विकल्या जातात. त्यांवरील नाव हुद्द्याविना, आयताकृती चौकटीत, उठावदार असते. नाव खोदलेले आढळल्यास मूळ नाव घासून नवे घातले आहे असे समजावे.

फीत

नव्या कृत्रिम धाग्यांत व आधुनिक साबणाने धुतलेल्या कापडात चमक आणणारी रसायने असतात. ती जंबुपार प्रकाशात निळसर पांढरी उजळतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रेशमी वा सुती फितीत ही चमक नसते. पण फीत हा पदकाचा सर्वांत नाशवंत भाग असून ती सैनिकाच्या हयातीतही बदलली जात असे. नवी फीत म्हणून पदक खोटे ठरत नाही. आणि जुनी फीत म्हणून ते खरेही ठरत नाही, कारण जुन्या फितीही सुट्या विकत मिळतात.

व्हिक्टोरिया क्रॉस

२९ जानेवारी १८५६ रोजी स्थापन झालेला व्हिक्टोरिया क्रॉस प्रारंभापासून लंडनच्या हँकॉक्स या सराफी पेढीने घडवला आहे. याच्याबाबत वर सांगितलेला एक नियम उलटा होतो. क्रॉससाठी वापरलेले तोफांचे कांसे ठशांना दाद देईना, म्हणून तो ओतून नंतर हाताने छिन्नीकाम करून पूर्ण केला जातो. त्यामुळे ओतीव असणे हा येथे दोष नाही. मागील बाजूच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख आणि वरच्या आडव्या दांडीच्या मागे मानकऱ्याचा हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. स्मरणवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतींवर ही जागा बहुधा कोरी असते, व तेथेच बनावट नाव घातले जाते.

आतापर्यंत हा सन्मान साडेतेराशेच्या आसपास वेळाच दिला गेला असून प्रत्येक मानकऱ्याचे नाव व तारीख प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या व शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतील पराक्रमाबद्दल तो मिळाला. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे होते. यादी एवढी छोटी व उघडी असल्याने अज्ञात नावाचा व्हिक्टोरिया क्रॉस ‘सापडणे’ जवळपास अशक्य आहे. बनावट करणारे म्हणूनच कमी प्रसिद्ध, पण संख्येने जास्त अशा पदकांकडे वळतात.

दुसऱ्या महायुद्धातील तारे

१९३९-४५ च्या युद्धासाठी दिलेले सहा टोकांचे तारे ब्रिटिश सैनिकांना नाव न घालता दिले गेले, तर भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर नाव ठोकण्यात आले. निनावी ताऱ्यांत एअर क्रू युरोप स्टार सर्वांत दुर्मीळ व म्हणून सर्वाधिक नक्कल होणारा आहे. नाव नसल्याने त्याला नामावलीची कसोटी लावता येत नाही. घडणीची तुलना व पदकांच्या मूळ संचाची साखळी एवढाच आधार उरतो. भारतीय नाव असलेला तारा आर्थिकदृष्ट्या स्वस्त असला, तरी पुराव्याच्या दृष्टीने निनावी ताऱ्यापेक्षा भक्कम आहे.

नोंदी व पूर्वेतिहास

पदकावरील नाव ज्या यादीवरून घातले गेले ती नामावली हा सर्वांत बळकट पुरावा होय. ब्रिटिश मोहिमांच्या पदक-नामावल्या लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. भारतीय सैन्याविषयीचे बरेच कागद ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. युद्धात मृत्यू पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या सूचीत क्रमांक व पलटणीसह शोधता येतात.

नामावलीत नाव असणे पुरेसे नसते, कारण बनावट करणारेही तीच नामावली वाचतात. अस्तित्वात असलेल्या सैनिकाचे, पण ज्याचे खरे पदक हरवले आहे अशाचे नाव निवडले, तर कागद जुळतो. म्हणून धातू, अक्षरांची धाटणी, पट्ट्या, नामावली आणि पदक कोणाच्या हातून कोणाकडे गेले याचा इतिहास, या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसावा लागतो. यांतील एकही गोष्ट एकटी निर्णायक नाही. पुरावा म्हणून दाखवली जाणारी सेवापुस्तिका, छायाचित्र किंवा पत्र हेही पदकाला नंतर जोडलेले असू शकते.

मिश्र संच हा याच प्रश्नाचा भाग आहे. एका सैनिकाची तीन-चार पदके एका दांडीवर लावलेली असतात. त्यांतले एक गहाळ झाल्यास दुसऱ्याचे आणून जागा भरली जाते. चारही कडा वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

ऑनलाइन विक्री

संकेतस्थळावरील जाहिरातीत पदकाच्या दोन्ही बाजू ठळक दिसतात, पण कड दिसत नाही. ब्रिटिश-भारतीय पदकाच्या बाबतीत ही त्रुटी सर्वांत बोलकी आहे. संपूर्ण कडेची तीन-चार टप्प्यांत तिरप्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे, वजन आणि व्यास यांची मागणी करणे रास्त असते. ती देण्यास टाळाटाळ झाल्यास व्यवहार सोडावा. एकच छायाचित्र वेगवेगळ्या जाहिरातींत वापरले जाते, म्हणून प्रतिमाशोधाने ते तपासता येते. एकाच विक्रेत्याकडे एकाच दुर्मीळ पट्टीची अनेक पदके असणे हेही संशयास्पद ठरते.

जाहिरातींची भाषा अर्थपूर्ण असते. ‘संग्रहालय दर्जाचे’, ‘मूळ ठशांवरून’, ‘जसे सापडले तसे’, ‘मला यातले काही कळत नाही’ ही वाक्ये पदकाबद्दल काहीच हमी देत नाहीत, तरीही वाचणाऱ्याच्या मनात खरेपणाची भावना निर्माण करतात. काही उत्पादक प्रतींवर ‘प्रत’ या अर्थाचा शब्द किंवा अक्षर ठोकतात. ते घासून काढल्याची खूण कडेवर अथवा कडीच्या मागे शोधावी. मोठ्या लिलावगृहांचे जुने विक्री-अभिलेख छायाचित्रांसह खुले असतात व त्यांत तेच नाव पूर्वी विकले गेले आहे का हे पाहता येते. एकाच क्रमांकाची व नावाची दोन पदके समोर आली, तर त्यांतले किमान एक दुबार दिलेले किंवा खोटे असते.

इतर देशांतील परिस्थिती

जर्मनीच्या १९३९ च्या आयर्न क्रॉसची मूळ रचना लोखंडी गाभा व भोवती चांदीची दुपदरी चौकट अशी असते. एकसंध ओतीव क्रॉस त्यामुळे लगेच ओळखू येतो. मात्र काही अस्सल क्रॉसचा गाभा चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचा आहे. १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत ही पदके स्वस्तिक वगळून घालण्यास परवानगी मिळाली. स्वस्तिकाच्या जागी ओकची पाने असलेली ही आवृत्ती कायदेशीर आहे, पण युद्धकाळातील नाही. युद्धानंतर जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पदके पाडली गेल्याने या क्षेत्रात मतभेद सर्वाधिक तीव्र आहेत.

सोव्हिएत सन्मानचिन्हांपैकी अनेकांच्या मागे अनुक्रमांक असतो व तो पुरस्कृताच्या पुस्तिकेशी जुळावा लागतो. १९९१ नंतर ही चिन्हे मोठ्या प्रमाणावर विक्रीस आली, आणि जुना क्रमांक घासून अधिक मोलाचा क्रमांक घालण्याचे प्रकार वाढले.

अमेरिकेत मेडल ऑफ ऑनरची विक्री हाच गुन्हा आहे. १९९६ मध्ये हे पदक शासनासाठी पूर्वी घडवणाऱ्या एचएलआय लॉर्डशिप इंडस्ट्रीज या कंपनीला सुमारे ३०० अनधिकृत पदके विकल्याबद्दल दंड झाला. ती पदके घडणीच्या दृष्टीने मूळ पदकांपेक्षा वेगळी नव्हती. त्यांत कमी होते ते फक्त प्रदान.

कायदा

भारतात जुन्या पदकांची देशांतर्गत खरेदी-विक्री होत असली, तरी शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात व त्यांची खासगी निर्यात करता येत नाही. पहिल्या महायुद्धातील पदके आता या वयोमर्यादेत पोहोचली आहेत. खोटे पदक खरे म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरू शकते. सैनिक नसताना सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैनिकाचा वेष किंवा चिन्ह धारण करणे कलम १६८ नुसार दंडनीय आहे. हीच तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होती. स्वतंत्र भारताच्या अनेक पदकांवर राजमुद्रा असल्याने त्यांच्या नकलांना राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्धचा २००५ चा अधिनियमही लागू होऊ शकतो.

ब्रिटनमध्ये न मिळालेली पदके घालण्यास बंदी करणारी १९५५ च्या सेना अधिनियमातील तरतूद २००६ च्या अधिनियमाने संपुष्टात आली. ती पुन्हा आणण्यासाठी २०१६ मध्ये मांडलेले खासगी विधेयक २०१७ मध्ये संसद विसर्जित झाल्याने बारगळले. अमेरिकेचा २००५ चा ‘स्टोलन व्हॅलर’ कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अल्व्हारेझ खटल्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केला. २०१३ च्या सुधारित कायद्यानुसार पैसा, मालमत्ता किंवा अन्य ठोस लाभ मिळवण्याच्या हेतूने केलेला खोटा दावाच गुन्हा ठरतो.